टाकी चिंचंआड गेली

१ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, भुसार दुकानात दर दिवाळीला तेलवाल्यांची डायरी येते. पानाखाली तेलाच्या डब्याचं चित्र आणि एक सुविचार. तारखा पुढच्या वर्षीच्या छापल्या आहेत, त्या खोडून मी माझ्या घालणार. पहिल्या पानावर माहिती भरायची असते. नाव शिवलीला चनबसप्पा बिराजदार. वय अठ्ठावीस. रक्तगट आठवत नाही. व्यवसायापुढे आधी 'पीटी शिक्षिका' लिहिलं, मग खोडून 'शिडाची बोट चालवणे' लिहिलं. हे पान अप्पांच्या हाती लागलं तर चार दिवस हसतील, म्हणून पहिलं पुन्हा शेजारी लिहून ठेवलं.

ठरवलेलं लिहून ठेवते, म्हणजे पळवाट राहणार नाही. फेब्रुवारीअखेर मुंबईच्या समुद्रात निवड चाचणी आहे, दोघींनी मिळून चालवायच्या छोट्या बोटींची. पहिल्या दोन जोड्या भारताच्या संघात जाणार. त्या दोनांत मी आणि चैताली असणार. यंदा नाही तर मग नाहीच. शाळेने बिनपगारी रजा मंजूर करताना अर्जावर 'शेवटची' हा शब्द लाल शाईने लिहिला आहे, आणि माझे गुडघे हल्ली जिना चढताना बोलायला लागलेत.

चैताली ओहोळ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिचं गाव करमाळ्याच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्याला अगदी खेटून. वडील रावसाहेबकाका पाटबंधारे खात्यात आहेत, रोज सकाळी पाण्यात रोवलेल्या पट्टीवरची पातळी वाचून वहीत लिहितात. चार वर्षांपूर्वी मी पुण्याहून जुनी बोट टेम्पोत घालून तिथे नेली, कारण सोलापूरला पाणी प्यायलाच पाच दिवसांनी येतं, त्यावर बोट कुठे चालवणार. तेव्हा ही पोरगी काठावर उभी होती. "ताई, मी बसू का?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून बसली आहे.

बोट माझी, म्हणून सुकाणू माझ्याकडे. चैताली तारेवर. म्हणजे डोलकाठीला बांधलेली तार कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, पाय बोटीच्या काठावर रोवायचे आणि अख्खं अंग पाण्यावर आडवं टाकायचं, म्हणजे वाऱ्याने बोट कलंडत नाही. शिवाय पुढचं लहान शीड तिने सांभाळायचं. डोकं माझं आणि वजन तिचं, असं मी चेष्टेने म्हणते. तीही हसते.

बोटीचं नाव बसव्वा. माझ्या आजीचं. आजीसारखीच आहे, गोड बोललं की चालते आणि ओढलं की बसते.

२ नोव्हेंबर, रविवार

पहाटेच्या गाडीने जेऊर, तिथून चैतालीच्या स्कूटीवर गाव. दिवसभर फक्त सुरुवातीचा सराव केला. शर्यतीची सुरुवात पळण्याच्या शर्यतीसारखी नसते. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन बोयांमधल्या नुसत्या मनातल्या रेषेमागे सगळ्या बोटी घुटमळत राहतात आणि भोंगा झाला की सुटतात. भोंग्याआधी नाक जरी पुढे गेलं तरी परत फिरून पुन्हा यायचं, तोवर बाकीच्या दिसेनाशा होतात. गेल्या महिन्यात मुंबईत आमचं असं दोनदा झालं. सहा शर्यतींपैकी दोन तिथेच गेल्या.

तेव्हा चैताली मागे बघत म्हणत होती, "ताई, पाणी चाललंय." मी म्हणाले, पाणी कुठे चालतं, पाणी असतं. आता कळतं की ती ओहोटी होती. धरणावर वाढलेल्या माणसाला हे सुचतच नाही. आमचं पाणी उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात चढतं, पण दुपारच्या दुपारी उठून चालायला लागत नाही.

आज दहा सुरुवाती केल्या, दहाच्या दहा भोंग्यावर बरोबर. चन्नप्पा सर काठावरून दुर्बिणीने बघत होते. सर मूळचे अक्कलकोटकडचे, नौदलातून निवृत्त, महिन्यातून दोन रविवार येतात आणि चहाशिवाय काही घेत नाहीत. सरांनाही आश्चर्य वाटलं. मला काळाचा अंदाज उपजतच आहे, त्याला काय करणार. चैतालीचं मात्र एक दुखणं आहे. ऐन सुटायच्या आधी तिचं पुढचं शीड सैल सुटतं आणि फडफडतं. सांगून सांगून थकले. त्यातून तिला तेव्हाच गावाकडचं वर्णन सुचतं. "ताई, टाकी चिंचंआड गेली." गेली तर जाऊ दे. तुमच्या गावची पाण्याची टाकी आहे, ताजमहाल नाही.

संध्याकाळी सर म्हणाले, "तुमच्यात उंच कोण?" मी. दोन बोटांनी. "मग उंच मानसानं तारेवर लोंबायचं आसतंय की." मी म्हटलं, सर, बोट कोणाची? सर म्हणाले, "साकु," म्हणजे कानडीत पुरे, आणि चहा प्यायले.

१६ नोव्हेंबर, रविवार

वजन एकावन्न. सुकाणूवालीला हलकं राहावं लागतं. अव्वाने, माझ्या आईने, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती ती चैतालीच्या आईने, शालनकाकूंनी, खाल्ली आणि मला काकडी चिरून दिली.

धरणातून सोलापूरसाठी पाणी सोडलंय. काका म्हणाले, "खाली जुनी नदी अजून जित्ती हाय. पाणी सोडलं की तिच्या वाटंनं वडतं." वरून सगळं सपाट दिसतं. चैतालीने ती वाट बोटाने दाखवली, कुठल्या बाभळीपासून कुठल्या खांबापर्यंत. मला काही दिसलं नाही. म्हटलं ठीक आहे, आमच्याच नळाला जातंय.

शेवटचा अर्धा तास गंमत म्हणून जागा बदलल्या. ती सुकाणूवर, मी तारेवर. ही गंमत आम्ही अधूनमधून करतो आणि नेमका तेव्हाच वारा चांगला येतो. बसव्वा अशी सुटली की सरांनी काठावरून टोपी हलवली. माझ्या नशिबात मात्र दिवसभराचा मेलेला वारा. मी तारेवरून तीनदा पाण्यात पडले आणि शेवटी पोटभर हसले.

७ डिसेंबर, रविवार

हैदराबादच्या तलावावरच्या स्पर्धेत दुसरा नंबर. रौप्य. एकही सुरुवात चुकली नाही. रात्रीच्या गाडीत मी आणि चैतालीने पदकं गळ्यात घालूनच झोप काढली. समोरच्या आजोबांनी विचारलं, कसलं? चैताली म्हणाली, "वाऱ्याचं." मला हे आवडलं.

पेपरवाल्याचा फोन आला होता. सगळं नीट सांगितलं.

१० डिसेंबर, बुधवार

कात्रण इथे चिकटवते. 'सोलापूरच्या शिवलीलाची रौप्यभरारी. सहकारी खेळाडूच्या साथीने येथील शिवलीला बिराजदार हिने…' फोटोत दोघी आहेत, चैतालीचा अर्धा चेहरा शिडाने झाकलाय. अप्पांनी दुकानात लॅमिनेट करून तराजूमागे लावलं. गिऱ्हाईक पोतं मोजायला आलं की आधी बातमी, मग ज्वारी.

१४ डिसेंबर, रविवार

गावाला पेपर घेऊन गेले. काकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला, शालनकाकूंना पुन्हा वाचून दाखवला. मग पान उलटून मागे बघितलं, पुन्हा पुढे आले. "ताई, बाकीचं दुसऱ्या पानावर हाय का?" मी म्हटलं, नाही काका, एवढंच आहे. "बरं बरं," म्हणाले आणि पेपराची नीट घडी घातली. बहुतेक त्यांना मोठी बातमी हवी होती. पेपरवाले इतकं तरी देतात हेच पुष्कळ.

४ जानेवारी, रविवार

आज सरावात मन नव्हतं, आणि ते का, हे फक्त इथे लिहिता येईल. मुंबईच्या एका क्लबच्या प्रशिक्षकांचा फोन आला होता. त्यांच्याकडे रेश्मा नावाची मुलगी आहे. उंच, तारेवर आठ वर्षं, दोनदा परदेशी जाऊन आलेली. तिची जोडीदार खांदा निखळून घरी बसली आहे. "तुम्ही सुकाणू, रेश्मा तारेवर. नवी बोट आम्ही देऊ. विचार करा." चाचणीच्या जोड्यांची नावं पाच फेब्रुवारीपर्यंत द्यायची आहेत. त्याआधी प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत क्लबची स्पर्धा आहे, तिथे एकत्र उतरून बघू म्हणतात.

चैतालीसोबत मी पहिल्या दोनांत येईन का? मुंबईच्या पाण्यात? खरं लिहायचं तर खात्री नाही. रेश्मासोबत? बहुतेक. मग विचार कसला करायचा, असं स्वतःला विचारते आणि विचार करत बसते. चैताली अजून लहान आहे, तिला पुढे किती वर्षं आहेत. हे वाक्य मी आज चार वेळा मनात म्हटलं. खरं वाक्य एकदाच म्हटलं तरी पुरतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काल सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला गेलो, अक्षता टाकल्या, गर्दीत माझी एक चप्पल गेली. आज अव्वाने शेंगापोळ्या केल्या. तुपाची वाटी समोर ठेवली. मी अर्धी खाल्ली. अव्वा म्हणाली, "तुज्या त्या बोटीला मी एकदा बगनार हाय. आसली कसली बोट, पोरीला खाऊ देत न्हाय." मी म्हटलं, वजनाचा हिशेब असतो अव्वा. "मग वजनवालीचं काम घे की." आणि ताट उचलून आत गेली. बायकांना खेळातलं काय कळतं, असं अप्पा म्हणाले. मी बाईच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

चैतालीचा फोन आला होता, तिळगूळ घ्या म्हणून. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत सरावाला कधी येतेस, असं विचारलं. म्हटलं सांगते.

२२ जानेवारी, गुरुवार

सांगितलं. शाळेत सव्वीस जानेवारीची कवायत आहे, येता येणार नाही. "बरं ताई. पोरांना ऊन लागू देऊ नको," म्हणाली.

कवायत आहेच. ती शिपाई आणि सिद्धेश्वर सर घेणार आहेत. खोटं बोलताना मला घाम येतो हे आज कळलं. जाऊन तर येते, बघायला काय हरकत आहे. पानाखालचा सुविचार सत्याबद्दल आहे. तेलवाल्यांना काय जातंय.

२६ जानेवारी, सोमवार, मुंबई

सहा शर्यती झाल्या. तीनदा भोंग्याआधी रेषेबाहेर.

बोट काचेसारखी गुळगुळीत. रेश्मा स्वभावाने चांगली, कामात चोख. तिचं पुढचं शीड एकदाही फडफडलं नाही. दोरी ओढलेली ती ओढलेली. मी मनात मोजत होते, नेहमीसारखी, आणि तीनदा भोंगा होताच आमचाच नंबर पुकारला. पहिल्यांदा वाटलं, पंचांचे डोळे. दुसऱ्यांदा, ओहोटी. तिसऱ्यांदा तर भरती होती.

तिसऱ्या वेळी रेषेमागे उभ्या असताना बोटीवर इतकं शांत होतं की मला करमेना. काहीतरी कमी होतं. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

संध्याकाळी रेश्माने बोटीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. म्हणाली, "तू फार उशिरा थांबतेस गं. तुझी नेहमीची जोडीदार पुढचं शीड सैल सोडून बोट धरत असणार. हो ना?" मी म्हटलं, धरत म्हणजे? "म्हणजे ब्रेक. आणि रेषा कोण बघतं तुमच्याकडे?" मी विचारलं, रेषा कशी बघायची? ती पाण्यात असते. तिने माझ्याकडे जरा बघितलं, मग समजावलं. रेषेच्या अगदी सरळीत, काठावर दोन वस्तू हेरून ठेवायच्या, एक जवळची, एक लांबची. लांबची जवळचीच्या आड गेली की आपण बरोबर रेषेवर. पाणी चालत असलं तरी त्या दोन वस्तू सांगतात. "आमच्याकडे सुकाणूवालीच बघते हे," रेश्मा म्हणाली. "तारेवरून बघून सांगायचं म्हणजे कमाल आहे तुझ्या त्या मुलीची."

टाकी चिंचंआड गेली. चार वर्षं. दर सुरुवातीला.

मला वाटायचं पोरगी गावाकडे बघत बसते.

२७ जानेवारी, मंगळवार

शाळेत गेले. मुलांना मैदानाच्या आठ फेऱ्या मारायला लावल्या. त्यांची काही चूक नव्हती.

१ फेब्रुवारी, रविवार

जेऊरला स्कूटी आली नव्हती. जीपने गेले. चैताली अंगणात बसून दोरीचं टोक विणत होती. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "फोटो चांगला आलाय तुजा. नव्या बोटीत." क्लबने इन्स्टाग्रामवर टाकला होता. माझ्या डोक्यातच आलं नाही की तिच्याकडेही फोन आहे.

मी म्हटलं, चैता, मी खोटं बोलले. ती म्हणाली, "कवायत झाली का?" झाली. "मग आर्दंच खोटं." आणि चहा ठेवायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. मला तिच्या रागापेक्षा तिने केलेला चहा जास्त लागला.

चहा देताना म्हणाली, "तू इचारलं आसतंस तर मीच जा म्हनले आसते. न इचारता गेलीस, ते लागलं. आनि आता इचारू नको. इचारलंस तर मी न्हाय म्हनीन."

काका पातळी वाचायला निघाले होते. "चला ताई," म्हणाले. मी त्यांच्या होडीत बसले. पट्टीवरचा आकडा वाचून त्यांनी वहीत लिहिला. खिशाला एकच पेन असतं, निळं, फक्त या वहीसाठी. मी विचारलं, काका, चैताला ते टाकी आणि चिंचेचं कोणी शिकवलं? ते म्हणाले, "शिकवायचं काय त्यात. वरडायची की लहानपनी होडीतनं, टाकी गेली, टाकी आली. आमी पट्टीवर होडी हुबी करायचो तसंच." मग बराच वेळ वल्हं मारलं आणि म्हणाले, "तिला वाटायचं तुमी आयकताय."

मी ऐकत नव्हते. तिने सांगितलं तरी ऐकलं नाही, म्हणून ती शीड सैल सोडून बोट धरायची. वर मी तिलाच बोलायचे. आणि माझा तो उपजत अंदाज. देवा सिद्धेश्वरा, मी किती बढाया मारल्यात या डायरीत. मागची पानं वाचवत नाहीत.

परत आल्यावर चन्नप्पा सरांना फोन लावला. सर, उंच मी आहे. सर म्हणाले, "तीन वर्सं झाली इचारतोय." मी म्हटलं, चाचणीला पंचवीस दिवस राहिलेत, जमेल का? सर म्हणाले, "गंमत म्हनून करता तवा जमतंय की. आता बिनगंमतीचं करा."

चैतालीला सांगितलं की सुकाणू तुझं. ती म्हणाली, "बोट तुजी हाय ताई." मी म्हटलं, बोट बसव्वाची आहे आणि तिला तू चालवलेलं आवडतं, हे मी सोडून सगळ्यांना दिसलंय. ती दोरी विणत राहिली. मग म्हणाली, "तू तारेवर लई पडतीस." पडेन. "वजन बी कमी हाय तुजं." वाढवेन.

"बरं," म्हणाली. आम्ही दोघी रडलो नाही. थोड्या वेळाने शालनकाकूंनी ताटं वाढली आणि मी तीन भाकरी खाल्ल्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

रेश्माला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मला तर तुझ्या त्या मुलीचा नंबर हवा होता." देणार नाही म्हटलं. अर्ज भरला. सुकाणू: चैताली रावसाहेब ओहोळ. तारेवर: मी. नाव लिहिताना जिवावर आलं होतं, नाही म्हणून खोटं कशाला लिहू.

अव्वाला सांगितलं की महिन्यात पाच किलो वाढवायचे आहेत. अव्वा खुर्चीतून उठली, देव्हाऱ्यापुढे दिवा लावला आणि शेंगदाणे भाजायला घेतले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शाळेची रजा सुरू, मुक्काम गावात. आज तारेवरून अकरा वेळा पडले. काल सतरा. मांड्यांवर पट्ट्याचे वळ. चैताली मागे बसून सांगते, "ताई, भाईर. आत. भाईर." ओरडत नाही. मी चार वर्षं ओरडत होते असं आता लक्षात येतं. सुकाणू सोडताना वाटलं होतं की आता मला काही काम उरणार नाही. उलट वरून सगळं पाणी दिसतं. वारा येण्याआधी पाण्यावर काळपट सुरकुती येते, ती बसलेल्या माणसाला दिसतच नाही. मी सांगते, ती वळवते. ती ऐकते, हे विशेष.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. अव्वाचा फोन, उपास मोडू नको. साबुदाणा, रताळी, शेंगदाण्याचा लाडू, केळी, पुन्हा साबुदाणा. उपासाच्या दिवशी सगळ्यात जास्त खाल्लं. वजन चौपन्न.

एकदाच पडले. तेही हसताना.

१ मार्च, रविवार, मुंबई

हात दुखतात, पण आजचं आजच लिहायला हवं.

चार दिवस, दहा शर्यती. शेवटच्या शर्यतीआधी रेश्माची जोडी पहिली, ती कोणाला सापडणार नव्हती. तिने नव्या सुकाणूवालीला घेतलंय आणि तिला काठ बघता येतो. दुसऱ्या नंबरासाठी गोव्याच्या मुली आणि आम्ही. त्यांच्यापुढे पोचलो तर संघात, नाहीतर रजेवरचा लाल शब्द खरा.

सकाळी चैतालीने रेषेच्या सरळीतली जोडी हेरली. जवळ एक गंजलेला क्रेन, लांब एक भोंगे लावलेली गुलाबी इमारत. ओहोटी जोरात, पाणी आम्हाला रेषेकडे ढकलत होतं. चाळीस सेकंद राहिले. तीस. सगळ्या बोटी पुढे सरकल्या आणि आम्ही सगळ्यांच्या मागे. चार वर्षांची सवय, माझ्या हाताने दोरी ओढायला घेतली. चल की, म्हणणार होते. म्हटलं नाही. मागे बघितलं तर चैताली काठाकडे बघत होती, अगदी गावाकडे बघतात तसं.

"अजून न्हाय ताई," ती म्हणाली. मी शीड सैल सोडलं. फडफडू दिलं. हेच ते, ज्याच्यावरून मी तिला बोलायचे. बोट धरायला केवढं मन लागतं, ते हातात दोरी आल्यावर कळलं.

"गेली," म्हणाली. इमारत क्रेनआड गेली. मी दोरी ओढली, अंग बाहेर टाकलं, आणि भोंगा झाला. मागून पंचांनी तीन बोटी परत बोलावल्या. त्यातली एक गोव्याची.

पुढचं फार आठवत नाही. पाणी तोंडावर येत होतं, ती "भाईर" म्हणाली की मी बाहेर, "आत" म्हणाली की आत, आणि मधे मी "काळं येतंय, उजवीकडून" एवढंच. शर्यतीत तिसऱ्या आलो, गोव्याच्या मुली सातव्या. एकूणात आम्ही दुसऱ्या. चन्नप्पा सर धक्क्यावर टोपी हातात धरून उभे होते. घालायची विसरले होते.

मी फार आनंदात आहे. याहून वेगळं काही लिहायला सुचत नाही.

पेपरवाल्याचा फोन आला. नाव सांगा. म्हटलं, लिहा, चैताली रावसाहेब ओहोळ, सुकाणूवर. आणि तारेवर सहकारी. "तुमचं नाव?" म्हटलं, माहीत आहे की तुम्हाला, जागा उरली तर टाका.

८ मार्च, रविवार

जागा उरली नाही. 'करमाळ्याच्या चैतालीची भारतीय संघात निवड.' खाली, 'सहकारी खेळाडूच्या साथीने…' अप्पा चिडले, पेपरात फोन लावायला निघाले. अव्वाने त्यांना बसवलं.

पेपर आणि अव्वाच्या वीस शेंगापोळ्या घेऊन गावाला गेले. बसव्वा काठावर उलटी घालून ठेवली होती आणि चैताली तिचं बूड घासत होती. पुढच्या महिन्यात शिबिर आहे, त्याआधी तिला रंग द्यायचाय.

काकांनी चष्मा लावला. मोठ्याने वाचलं. लेकीच्या नावाशी थांबले, परत पहिल्यापासून वाचलं. शालनकाकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग काका बोट ओळींवरून फिरवत खाली आले, वर गेले. "पोरी, तुजं नाव न्हाय हितं."

मी म्हटलं, दुसऱ्या पानावर असेल काका.

खोटंच बोलले. त्यांनी पान उलटलं. त्यावर बाजारभाव होते. ते वरपासून खालपर्यंत बघत राहिले, तसे ते डिसेंबरात बघत होते. तेव्हा मी तिथेच बसले होते, चहा पीत, आणि त्यांना मोठी बातमी हवी असेल असं समजले होते. मला मान वर करता येईना.

"हितं बी न्हाय," ते म्हणाले. मग खिशातलं निळं पेन काढलं, पातळीच्या वहीचं. 'सहकारी खेळाडू' या शब्दांच्या वर, दोन ओळींमधल्या जागेत, आकडे लिहितात तशा सावकाश अक्षरात लिहिलं: शिवलीला बिराजदार. फुंकर मारून शाई वाळवली आणि पेपर मला परत दिला.

आत्ता रात्री घरी आल्यावर मागचं पान उघडलं. दहा डिसेंबरचं कात्रण. माझ्याकडे निळं पेन नव्हतं, शाळेचं लाल होतं. ओळींमधे जागा कमी होती, म्हणून फोटोतल्या पाण्यावर लिहिलं, शिडाच्या बाजूला: चैताली रावसाहेब ओहोळ. अक्षर जरा वाकडं आलंय, हात अजून दुखतात.

अव्वाने विचारलं, पोळी देऊ का अजून? म्हटलं दे.